चूक टांकसाळीची की कानशीची?

१/
एखाद्या नाण्यावर सन अर्धवट उमटलेला असतो, एखाद्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली असते, एखाद्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र दिसते. अशा नाण्यांना संग्राहक 'एरर कॉइन' म्हणतात आणि त्यांच्यासाठी दर्शनी मूल्याच्या कित्येक पट रक्कम मोजतात. परंतु असा प्रत्येक दोष टांकसाळीतच झालेला असतो असे नाही. अनेकदा तो नंतर कुणाच्या तरी मेजावर, कानस, हातोडी आणि व्हाइस यांच्या साहाय्याने घडवलेला असतो. खरी चूक कोणती आणि मागाहून केलेला फेरफार कोणता, हे कसे ओळखावे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याची फिकीर का करावी, यावर आजचा हा दीर्घ थ्रेड.

२/
माझे मत आरंभीच सांगून टाकतो. टांकसाळीत झालेली चूक हा ऐतिहासिक पुरावा आहे; फेरफार केलेले नाणे ही खोटी साक्ष आहे. या दोहोंतील भेद ओळखणे हे केवळ ग्राहकाचे शहाणपण नव्हे. जुन्या सनदेचा कागद, शाई, वळण आणि शिक्का तपासल्यावाचून आपण ती ग्राह्य धरीत नाही. धातूवरील मजकुराला मात्र आपण निमूटपणे सूट देतो, ही माझी तक्रार आहे. आणि ती सर्वप्रथम माझ्या स्वतःविरुद्ध आहे.

३/
पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका नाणेप्रदर्शनात मी पाच पैशांचे ॲल्युमिनियमचे चौकोनी नाणे आठशे रुपयांना विकत घेतले. त्याच्या सिंहमुद्रेच्या बाजूवर पाचाचा आकडा उलटा आणि खोलगट उमटलेला होता. 'लाखात एक आहे,' असे विक्रेता म्हणाला. आठशे रुपये म्हणजे तेव्हा माझ्या मेसच्या बिलाचा मोठा हिस्सा. ते नाणे मी कापसात गुंडाळून ठेवले आणि खोलीवर येईल त्या प्रत्येकाला अभिमानाने दाखवले.

४/
काही महिन्यांनी ते आमच्या एका अध्यापकांपुढे ठेवले. त्यांनी भिंग लावले, नाणे दोनदा फिरवून पाहिले आणि शांतपणे विचारले, "ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या क्षणी झाली असेल, ते सांग बघू." माझ्यापाशी उत्तर नव्हते. नाणे खोटे आहे असे ते एका शब्दानेही म्हणाले नाहीत. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. पुढील साऱ्या विवेचनाचा आधार तोच प्रश्न आहे.

५/
त्याचे उत्तर द्यायचे तर नाणे कसे घडते हे ठाऊक हवे. आधुनिक टांकसाळीत धातूचा लांब पट्टा यंत्राखालून सरकतो आणि त्यातून चकत्या छाटल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात आणि एका यंत्रात त्यांच्या कडा दाबून किंचित उचलल्या जातात. मग चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते. या ठशालाच डाय म्हणतात. चकतीभोवती एक पोलादी कडे असते, ती कॉलर. ठशांचा दाब पडताच धातू त्यांच्या खोलगट भागांत शिरतो, बाहेर पसरू पाहणाऱ्या धातूला कॉलर अडवते आणि नाणे तयार होते.

६/
म्हणजे चूक होण्याच्या जागा तीनच. पहिली चकतीची: ती अपुरी छाटली गेली, चुकीच्या धातूची आली, जाडीत कमीअधिक झाली. दुसरी ठशाची: तो चुकीचा कोरला गेला, त्याला तडा गेला, तो प्रमाणाबाहेर घासला गेला. तिसरी छापण्याची: चकती सरकली, ठसा फिरला, आधीचे नाणे अडकून बसले. याखेरीज चौथी जागा नाही. शेवटचा दाब पडून नाणे ठशांच्या तावडीतून सुटले की टांकसाळीचे लेखन संपले. पुढे घडते ते नाण्याचे आयुष्य: झीज, ओरखडे, गंज आणि कधी कधी लबाडी.

७/
यातून एक नियम निघतो. तो पाठ करावा इतका उपयुक्त आहे. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. ठसा घासताना त्यावर ओरखडे पडले तर नाण्यावर बारीक उभार रेषा दिसतात. याउलट तयार नाण्यावर कुणी कानस फिरवली तर ओरखडे खोलगट असतात. भिंगाखाली रेघ उंच आहे की खोल, एवढे पाहिले तरी निम्मे दावे तिथेच निकालात निघतात.

८/
आता माझ्या पाच पैशांकडे वळू. दाब पडल्यावर तयार नाणे कधी कधी खाली न पडता एका ठशालाच चिकटून राहते. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला ठसा लागतो आणि दुसऱ्या बाजूला ते अडकलेले नाणे. परिणामी नव्या नाण्याच्या एका बाजूवर नेहमीचे उभार चित्र येते, तर दुसऱ्या बाजूवर तेच चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे आणि खोलगट उमटते. यास इंग्रजीत ब्रोकेज म्हणतात. आपल्याकडचे संग्राहक 'लखी' म्हणतात. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकातील चांदीच्या नाण्यांवरही हा दोष आढळतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा कामगारही घाईत आधीचे नाणे काढायला विसरत होता, हे त्यावरून कळते.

९/
इथे एक बारकावा आहे. खऱ्या लखी नाण्यात उलटी छाप कोऱ्या चकतीवर पडते. त्या बाजूला आधी दुसरे चित्र असण्याचे कारणच नसते. माझ्या नाण्यावर मात्र उलट्या पाचाच्या खाली सिंहमुद्रा दिसत होती, चेपलेली, पण स्पष्ट. शिवाय मागच्या बाजूवरील उंच भाग सपाट झाले होते, कारण तिथे टांकसाळीचा ठसा नव्हता, व्हाइसचा गुळगुळीत जबडा होता. दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून दाबली की असेच होते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने फार जोरही लागत नाही. 'कोणत्या क्षणी?' या प्रश्नाचे उत्तर 'टांकसाळीतून बाहेर पडल्यावर' असे होते.

१०/
दुसरा नेहमीचा प्रकार कड कापलेल्या नाण्यांचा. धातूचा पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही, तर चकती छाटणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नवी चकती चंद्रकोरीएवढी अपुरी निघते. म्हणजे ती छापण्यापूर्वीच अपुरी असते. ती ठशांखाली दाबली जाते तेव्हा धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो. म्हणून तेथील अक्षरे ओढल्यासारखी, फिकी होत जातात. आणखी एक खूण बरोबर समोरच्या काठावर असते. कड उचलणाऱ्या यंत्राला एका बाजूला आधार मिळाला नाही की विरुद्ध बाजूची कडही कच्ची राहते. यास ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. ही खूण बहुतेक वेळा दिसते. ती प्रत्येक नाण्यावर असतेच असे नाही, म्हणून केवळ तिच्या अभावावरून निकाल देऊ नये.

११/
तयार नाण्याचा तुकडा नंतर कापला तर काय दिसते? अक्षरे सुरीने छाटल्यासारखी मध्येच तुटतात, फिकी होत नाहीत. कापलेल्या जागेपाशी धातूची बारीक धार राहते, किंवा ती लपवण्यासाठी मारलेल्या कानशीच्या समांतर रेघा दिसतात. समोरची कड मात्र ठणठणीत असते. धातू कसा वाहतो याचे ज्ञान ज्याला नाही, त्याला ही प्रत्येक खूण एकाच वेळी साधता येत नाही. लबाडी पकडली जाते ती बहुधा अशा अज्ञानामुळे.

१२/
गायब अक्षरे आणि अंक यांचेही तसेच. ठशाच्या खोलगट भागात वंगण आणि धूळ साचली की तिथे धातू शिरत नाही आणि अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. परंतु त्या जागेचा पृष्ठभाग आसपासच्या भागासारखाच अखंड राहतो, त्यावरील चमकही सलग असते. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी सूक्ष्म खळगा, ओरखडे किंवा घासून आणलेली वेगळीच चकाकी दिसते. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते करून पाहावे. सलग फिरणारा प्रकाश तिथे अडखळला तर संशय घ्यावा.

१३/
दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे आपल्या सर्वांच्या खिशात असते. त्याचा मधला भाग आणि बाहेरचे कडे आधी सुटे असतात. छापण्याच्या दाबाखाली ते एकमेकांत घट्ट बसतात आणि त्याच वेळी त्यांवर चित्रही उमटते. म्हणून मधला भाग सरकलेला असला, तरी खऱ्या चुकीत चित्राच्या रेषा एका धातूवरून दुसऱ्यावर सलग जातात. मधला भाग ठोकून बाहेर काढून फिरवून पुन्हा बसवलेला असेल, तर रेषा सांध्यापाशी तुटतात आणि सांध्याच्या काठावर ठोकल्याच्या खुणा राहतात. चित्र आधी आले की जोड आधी झाला, हा क्रम नाणे स्वतःच सांगते.

१४/
नवशिक्यांनी आरंभ कुठून करावा, असे विचाराल तर फिरलेल्या ठशापासून. आपली आधुनिक नाणी पुस्तकाचे पान उलटावे तशी उलटली की दोन्ही बाजू सरळ दिसतात. एक ठसा आपल्या जागी फिरला असेल, तर मागची बाजू तिरपी किंवा पूर्ण उलटी दिसते. असा दोष मागाहून घडवायचा तर दोन नाणी तासून एकमेकांस जोडावी लागतात. मग कडेवर किंवा आतल्या काठाशी सांधा राहतो, वजन बदलते आणि आवाजही बद्द येतो. 'नाणे खणखणीत वाजवून घ्या' हा जुना सल्ला निव्वळ म्हण नव्हे, ती परीक्षा आहे.

१५/
आता ज्या प्रकरणातून मी स्वतः सर्वाधिक शिकलो, ते अमेरिकेतील. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची निकड भासल्याने १९४३ साली तेथील एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढण्यात आले. मात्र आदल्या वर्षीच्या काही मोजक्या ब्राँझ चकत्या टांकसाळीत मागे राहिल्या आणि पोलादी चकत्यांबरोबर छापल्या गेल्या. १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शाळकरी मुलाला शाळेच्या खानावळीत परत मिळालेल्या सुट्या पैशांत असे एक नाणे सापडले. त्याने विचारणा केली असता, १९४३ ची सर्व सेंट नाणी पोलादीच होती, असे सरकारी उत्तर आले. त्याने ते जन्मभर जपले. २०१९ मध्ये त्याचा लिलाव झाला तेव्हा २ लाख ४ हजार डॉलर मिळाले.

१६/
एवढी किंमत म्हटल्यावर नकला होणारच. सर्वांत सोपी नकल म्हणजे पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देणे. ती लोहचुंबकाला चिकटते आणि वजनातही सापडते: पोलादी नाणे सुमारे २.७ ग्रॅमचे, ब्राँझचे ३.११ ग्रॅमचे. दुसरी नकल अधिक हुशार आहे. १९४८ चे अस्सल ब्राँझ नाणे घ्यायचे आणि आठाची डावी बाजू खरवडून त्याचा तीन करायचा. त्याचे वजन बरोबर, त्यास लोहचुंबक लागत नाही, धातूही खरा. इथे उरते ती केवळ लिपीची परीक्षा. खऱ्या १९४३ च्या तिनाची शेपटी शेजारच्या अंकांच्या खाली उतरते. आठ खरवडून केलेल्या तिनाला ती नसते.

१७/
हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. कागद जुना, शाई जुनी, पण एका अक्षराचे वळण त्या काळचे नाही, आणि तेवढ्यावरून सारा दस्तऐवज कोसळतो. म्हणून कोणत्याही एका कसोटीवर विसंबू नये. लोहचुंबकाने 'नाही' म्हटले तर नाणे बाद होते. त्याने 'हो' म्हटले म्हणून नाणे खरे ठरत नाही. कसोट्या दोष शोधण्यासाठी असतात, प्रशस्तिपत्र देण्यासाठी नव्हे.

१८/
अमेरिकेचेच आणखी एक उदाहरण. १९३७ च्या डेन्व्हर टांकसाळीतील पाच सेंटच्या नाण्यावर गवा आहे, आणि काही नाण्यांवर त्या गव्याला तीनच पाय आहेत. मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले की परस्परांच्या खुणा त्यांवर उमटतात. त्या घालवण्यासाठी ठसा घासला जातो. डेन्व्हरच्या कामगाराने तो इतका घासला की पुढच्या उजव्या पायाचा भाग ठशावरून नाहीसा झाला. खूर मात्र राहिला. चार पायांच्या साध्या नाण्यावरील पाय खरवडून असे नाणे बनवण्याचा उद्योग आजतागायत चालू आहे.

१९/
पकड कुठे आहे? खऱ्या नाण्यावर गव्याच्या पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उंच ठिपक्यांची रांग आहे. ती ठशावरील खड्ड्यांची छाप आहे. पाय खरवडणारा धातू काढू शकतो. उंच ठिपके घालणे त्याला अवघड जाते. सातव्या पोस्टमधील नियम इथे पुन्हा कामी येतो. लबाडाला बहुधा वजा करता येते, बेरीज करता येत नाही. आणि बेरीज केलीच, तर डाखाची किंवा चिकटवल्याची रेघ मागे राहते.

२०/
आता मुख्य प्रश्न. हे सारे ओळखून इतिहासाला काय मिळते? १९४३ चे ब्राँझ नाणे युद्धकाळात धातू बदलताना टांकसाळीत काय मागे राहिले हे सांगते. तीन पायांचा गवा एका कामगाराच्या पाळीबद्दल सांगतो. ठशाचा तडा तर कालक्रमच देतो. एकाच ठशाच्या पाच नाण्यांवर तो उत्तरोत्तर लांब होत गेलेला दिसला, तर कोणते नाणे आधी आणि कोणते नंतर हे ठरवता येते. सन नसलेल्या प्राचीन नाण्यांचा क्रम लावताना अभ्यासक अशाच खुणांचा आधार घेतात. बनावट तडा हा क्रम बिघडवतो. तो केवळ ग्राहकाला नव्हे, पुढील संशोधकालाही फसवतो.

२१/
आपल्या मातीतील उदाहरण घेतल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असे असते. पण बहुतेक शिवराईंवर ही सर्व अक्षरे पूर्ण दिसत नाहीत. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. हातोडीचा घाव पडेल तिथे छाप. कुठे 'श्री' निसटते, कुठे ठिपक्यांचे वर्तुळ अर्धेच येते. हे एरर नव्हे. कॉलर नसलेल्या, हाताने छापलेल्या नाण्यात मध्यापासून सरकणे हीच रीत होती. 'दुर्मिळ ऑफ-सेंटर शिवराई' म्हणून कुणी जादा दाम मागत असेल, तर तो तुम्हांला नियमच अपवाद म्हणून विकत आहे.

२२/
शब्दांच्या लेखनाचेही तेच. शिवराईवर ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अक्षरवळणाचे अनेक भेद आढळतात. नाणे दीर्घकाळ चालले, पुढे खाजगी व्यक्तींना परवाने देऊन टांकसाळी चालवण्याची पद्धतही आली. हात बदलले तसे वळण बदलले. हे भेद म्हणजे आपल्या अभ्यासाचे खरे द्रव्य. आणि म्हणूनच झिजलेल्या तांब्यावर कोरणीने अक्षर 'उठावदार' करण्याचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. नाणे खरे राहते, पण त्यावरचा पाठ खोटा होतो. कोरलेल्या जागी जुन्या तांब्यावरील काळपट-हिरवट थर तुटलेला असतो, किंवा तिथे मागाहून फासलेला रंग असतो. भिंगाने तेवढे पाहावे.

२३/
इथे एक आक्षेप योग्य ठरेल: टांकसाळीनंतर नाण्यावर झालेला प्रत्येक बदल खोटा म्हणावा काय? मुळीच नाही. जुन्या रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेल्या बारीक खुणा असतात. त्या व्यवहाराचा इतिहास सांगतात. आपल्याकडे नाण्यांची पारख करणारा पोतदार होता, आणि झिजलेल्या वा परमुलखातील नाण्यावर बट्टा कापला जाई. रुपयाला कडी डाखून केलेला हार घराघरांत होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ ची एक पेनी आहे. तिच्यावरील राजाच्या मुखावर स्त्रियांना मताधिकार द्या, अशा अर्थाची अक्षरे ठोकलेली आहेत. हेही फेरफारच. पण त्यांनी आपण टांकसाळीची चूक आहोत, असा आव आणलेला नाही. भेद बदलात नाही, दाव्यात आहे.

२४/
दुसरा आक्षेप मित्र नेहमी घेतात: घेणारा खूष, विकणारा खूष, मग तुझे काय जाते? जाते ते असे. प्रत्येक बनावट लखी बाजारात आले की खऱ्या लखीवरचा विश्वास कमी होतो. ज्याच्या आजोबांच्या डब्यात खरोखरच दोषयुक्त नाणे आहे, त्याच्याकडेही आपण संशयाने पाहू लागतो. आणि खोट्या नाण्यासाठी एक खरे नाणे खर्ची पडते. माझ्या त्या पाच पैशांच्या नाण्याचा मूळ चेहरा आता कुणालाही परत आणता येणार नाही.

२५/
तिसरा आक्षेप: प्रमाणपत्रासह प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेले नाणे घ्यावे, मग ही उठाठेव कशाला? मौल्यवान नाण्यासाठी तज्ज्ञांचा अभिप्राय अवश्य घ्यावा. पण त्या डब्यांच्याही नकला झालेल्या आहेत. शिवाय निर्णय दुसऱ्याकडे सोपवला की आपली नजर तयार होत नाही. अमुक नाण्याचे लाखो रुपये मिळतील, अशा चित्रफिती रोज आपल्यासमोर येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा संबंध नाही आणि तिच्या नावाने कुणी शुल्क वा कमिशन मागितल्यास बळी पडू नये. ज्याने एकदाही भिंगातून नाणे पाहिलेले नाही, तोच अशा जाळ्यात सहज सापडतो.

२६/
म्हणून माझा आग्रह साधा आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, एक लोहचुंबक आणि त्याच सनाचे एक साधे, निर्दोष नाणे एवढी सामग्री जवळ ठेवावी. यांतील शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची, कारण तुलनेशिवाय दोष कळत नाही. आधी वजन, मग कड, मग दोन्ही बाजू, शेवटी दोषाची जागा, या क्रमाने पाहावे. दोषाकडे आधी पाहिले की मन त्याच्या बाजूने युक्तिवाद करू लागते. आणि नाणे घासून-पुसून चकचकीत मुळीच करू नये. त्यात पुरावाच धुतला जातो.

२७/
हे सारे झाल्यावर तीन वाक्ये कागदावर लिहावीत. ही चूक चकतीची, ठशाची की छापण्याची? ती कोणत्या क्षणी झाली? तसे झाले असेल तर आणखी कोणती खूण असायला हवी, आणि ती आहे का? तिसरे वाक्य लिहिता आले नाही, तर खरेदी पुढे ढकलावी. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आणि मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय, ही दोन्ही ठिकाणे एकदा तरी निवांत पाहावीत. अस्सल नाणी पुष्कळ पाहिली की खोट्याकडे बोट आपोआप जाते.

२८/
आणि हेही जाता जाता. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनातील नाणे वितळवणे वा नष्ट करणे यास मनाई आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. 'गंमत म्हणून' स्वतः लखी करून पाहणारे आणि तिचे फोटो टाकणारे आपल्याच वयाचे असतात. तुमची गंमत तुमच्या हातात असेपर्यंतच गंमत असते. हात बदलला की ती दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक होते, आणि त्या फोटोखालची ओळ नाण्याबरोबर जात नाही.

२९/
माझे ते पाच पैशांचे नाणे अजून माझ्याकडे आहे. कापसातून काढून मी ते कागदी पाकिटात ठेवले आहे आणि पाकिटावर लिहिले आहे: 'टांकसाळीनंतरचा फेरफार. व्हाइसमध्ये दाबलेले. किंमत ८०० रुपये.' ते विकून पैसे सोडवण्याचा मोह झाला नाही, असे म्हणणार नाही. पण पुढच्या माणसाला मी काय सांगून विकले असते? आता विभागातील नव्या विद्यार्थ्यांपुढे मी ते ठेवतो, भिंग हातात देतो आणि तोच प्रश्न विचारतो. ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या क्षणी झाली असेल, सांगा बघू.

३०/
तुमच्याकडे असे एखादे नाणे असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो, वजनासह, खाली टाका. किंमत विचारू नका. ती मी सांगणार नाही. कोणत्या क्षणी काय घडले असावे, याचा तर्क मात्र आधी तुम्ही मांडा. मग आपण सारे मिळून तो तपासू.